आकडा नव्वदचा, उजेड तेवढाच

जुन्या गाडीचे हेडलाईट मिणमिणू लागले, एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की हॉर्नचा आवाज बसू लागला, पावसात वायपर रडतखडत फिरू लागला, की हल्ली सगळीकडे एकच औषध सांगितलं जातं. नव्वद अँपिअरचा अल्टरनेटर टाका, कटकट मिटवा. पुण्यात नाना पेठेतल्या दुकानात विचारा, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर विचारा, नाहीतर जुन्या फियाट आणि जिप्सीवाल्यांच्या रविवारच्या गप्पांत हा विषय काढा; सल्ला तोच येतो, फक्त आकडा बदलतो. कोणी ७० म्हणतो, कोणी ९०, आणि ज्याच्या डिकीत मोठा वूफर आहे तो १२०च्या खाली उतरायला तयार नसतो.

हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि जिथे बरोबर असतो तिथेही अर्धाच असतो. मोठा अल्टरनेटर वाईट असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण जुन्या गाडीत वीज कमी पडण्याची खरी कारणं बहुधा दोन असतात. एक तर बनलेली वीज वाटेत हरवते. नाहीतर गाडी जागच्या जागी उभी असताना ती पुरेशी बनतच नाही. या दोन्ही दुखण्यांवर लेबलावरचा मोठा आकडा काही करू शकत नाही. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असला हा उपचार आहे.

आधी त्या आकड्याकडेच बघू. अल्टरनेटर मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८८५४. त्यानुसार जाहीर केलेला प्रवाह हा अल्टरनेटर मिनिटाला ६,००० फेऱ्या घेत असतानाचा असतो. इंजिनाच्या पुलीपेक्षा अल्टरनेटरची पुली लहान असते, म्हणून तो इंजिनाच्या दुप्पट ते तिप्पट वेगाने फिरतो. समजा हे प्रमाण २.२ आहे. मग ६,००० फेऱ्या व्हायला इंजिन मिनिटाला २,७०० च्या पुढे हवं, म्हणजे गाडी हायवेला मोकळी धावत हवी. सिग्नलला इंजिन ८०० वर गुरगुरत असतं तेव्हा अल्टरनेटर १,७०० ते १,८०० च्या आसपास फिरतो आणि लेबलावरच्या आकड्याच्या निम्म्याच्या आगेमागेच देतो. काही युरोपीय अल्टरनेटरांवर ‘४५-९०’ असे दोन आकडे छापलेले सापडतात. पहिला मंद वेगाचा, दुसरा ६,००० फेऱ्यांचा. आपल्या दुकानात फक्त दुसरा बोलला जातो. रिबिल्ट मालावर तर तो दुसरा आकडाही कोणी, कुठे, कसा मोजला हे विचारायची सोय नसते.

आता जुलैतल्या एका संध्याकाळचा हिशोब मांडू. एसी असलेली जुनी छोटी गाडी, सायन-पनवेल रस्त्यावर वाहतूक तुंबलेली, वरून पाऊस. दोन हेडलाईट ५५ वॅटचे, म्हणजे ८ अँपिअर. टेललाईट, नंबरप्लेट आणि डॅशबोर्डाचे दिवे मिळून ३. वायपर ४. एसीचा ब्लोअर पूर्ण जोरात १०. कंडेन्सरचा पंखा ८, रेडिएटरचा पंखा ८, कंप्रेसरचा क्लच ४. इग्निशन ४. टेप आणि फोनचं चार्जिंग मिळून ३. बेरीज ५२ झाली. तुंबलेल्या रस्त्यात पाय ब्रेकवर असणारच, तर २१ वॅटचे दोन ब्रेकलाईट धरून आणखी ३. एकूण ५५. गाडीतल्या अल्टरनेटरवर ५५ लिहिलेलं असेल तर कागदावर जमाखर्च अगदी जुळला. प्रत्यक्षात तो त्या घडीला २७-२८ देतोय. उरलेलं बॅटरीतून जातंय.

सगळं एकाच वेळी अखंड चालत नाही हे कबूल. पंखे बंद-चालू होतात, क्लच सुटतो, पाऊस थांबतो. तरी सरासरी १५ अँपिअरचा खड्डा धरला तर ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून तासाभरात चाळीस टक्क्यांहून जास्त माल गेला. रात्री घरी पोचून इंजिन बंद, सकाळी सेल्फ मारला की ‘टक्’ आवाज. मग मालक म्हणतो अल्टरनेटर लहान पडला. लहान पडला खरा, पण १,८०० फेऱ्यांना. ६,००० फेऱ्यांना तो कधीच लहान नव्हता.

इथेच नव्वदचा सल्ला उघडा पडतो. स्टेटरच्या, म्हणजे अल्टरनेटरमधल्या स्थिर भागाच्या, गुंडाळीचं गणित असं आहे : तारेचे वेढे जास्त दिले की कमी वेगातही पुरेसं व्होल्टेज तयार होतं, अल्टरनेटर लवकर ‘उठतो’. पण वेढे वाढले की वेग वाढल्यावर गुंडाळीचा स्वतःचा विरोधही वाढतो आणि कमाल प्रवाह लवकर अडतो. उलट जाड तारेचे थोडे वेढे दिले तर वरचा आकडा डोळे दिपवणारा येतो आणि खालच्या वेगात तो अल्टरनेटर आळशी राहतो. तेवढ्याच आकाराच्या कवचात ९० लिहिण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग हा दुसरा आहे. परिणामी ९० लिहिलेला अल्टरनेटर सिग्नलला मूळच्या ५५ वाल्यापेक्षा कमी देतो, असंही घडू शकतं. त्याच किमतीत, आयडलिंगला ४५ देणारा पण लेबलावर जेमतेम ७० असलेला अल्टरनेटर याच गाडीला वरदान ठरला असता. तो कोणी सुचवत नाही, कारण ७० पेक्षा ९० विकायला सोपा.

त्यात उष्णतेची भर. तांब्याचा विरोध प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. बोनटखाली गुंडाळी २५ अंशांवरून १०० अंशांवर गेली की तिचा विरोध तीस टक्क्यांच्या जवळपास चढतो. तुंबलेल्या रस्त्यात गाडी उभी, समोरून वारा नाही, अल्टरनेटरचा स्वतःचा पंखा मंद फिरतोय आणि मागणी सगळ्यांत जास्त. थंड अल्टरनेटरची चाचणी दुकानातल्या टेबलावर दाखवणाऱ्याने हे कधी सांगितल्याचं ऐकिवात नाही.

आयडलिंगचा हा मुद्दा मी कुठून तरी ओढून आणलेला नाही. अल्टरनेटर गाडीत आला तोच मुळी याच्यासाठी. १९६० साली अमेरिकेत क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर दिला, आणि दशक संपेपर्यंत त्याआधीच्या डायनॅमोची सद्दी जवळपास संपली. डायनॅमोत वापरायची सगळी वीज फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये तयार होते आणि कॉम्युटेटरवरच्या कार्बनमधून बाहेर पडते. एवढा अवजड, गुंडाळ्यांनी भरलेला गोळा फार जोरात फिरवता येत नाही. फिरवला तर गुंडाळ्या उसवतात, कार्बन ठिणग्या टाकतात. म्हणून त्याला मोठी पुली द्यावी लागे. मॉरिस ऑक्सफर्डच्या काळातल्या ब्रिटिश गाड्यांत लुकासचा सी-४० जातीचा डायनॅमो असे, त्याची मर्यादा २२ अँपिअर. आपली अँबॅसेडर त्याच ऑक्सफर्डच्या घराण्यातली. हा डायनॅमो स्वतःच्या १,३००-१,४०० फेऱ्यांच्या आसपास कुठे चार्जिंग सुरू करी. म्हणजे सिग्नलला शून्य. डायनॅमोला बॅटरीशी जोडणारा कटआउट उघडलेला आणि सगळा भार बॅटरीवर. लाल दिवा लुकलुकताना ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अल्टरनेटरने उलटापालट केली. वापरायची वीज स्थिर स्टेटरमध्ये तयार होते, फिरतो तो फक्त रोटर, आणि त्याच्या कार्बनमधून जेमतेम ३-४ अँपिअर जातात. रोटर मजबूत, म्हणून पुली लहान करून त्याला जोरात पळवता येतं. बाकीचं काम सिलिकॉनच्या सहा डायोडांनी केलं. १९६७ च्या अखेरीस एमजीबी गाडीत डायनॅमो जाऊन लुकासचा १६एसी अल्टरनेटर आला तेव्हा लेबलावर २२ चे ३४ झाले. बारा अँपिअरची वाढ म्हणजे काही क्रांती नव्हे. क्रांती आयडलिंगला झाली, जिथे शून्याच्या जागी काहीतरी आलं. मंद वेगात वीज द्यायला जन्मलेलं हे यंत्र आज आपण भरधाव वेगातल्या आकड्यावर विकत घेतो, याला काय म्हणावं?

‘पण अल्टरनेटर बदलल्यावर आमचा उजेड वाढला की!’ हे उत्तर हमखास येतं, आणि सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याचं कारण मात्र त्याने सांगितलेलं नसतं. अल्टरनेटर ४५ चा असो की ९० चा, आतला रेग्युलेटर व्होल्टेज १४ च्या आसपासच धरून ठेवतो. हेडलाईटच्या बल्बला अल्टरनेटरची क्षमता कळत नाही, त्याला कळतं फक्त दाराशी पोचलेलं व्होल्टेज. भाराखाली जुना आणि नवा दोघंही १४ धरून असतील तर बल्ब तसाच जळणार. उजेड वाढला असेल तर जुन्याचे कार्बन झिजले होते, एखादा डायोड उडाला होता किंवा पट्टा सैल होता. डायोड उडाला की प्रवाह बराच खाली येतो आणि मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवला तर अर्ध्या व्होल्टहून जास्त लहर दिसते. अशा गाडीला मूळच्याच आकड्याचा धडधाकट अल्टरनेटर बसवला असता तरी उजेड तेवढाच वाढला असता.

आणि बरेचदा तेवढंही करावं लागत नाही. जुन्या गाड्यांत हेडलाईटचा सगळा प्रवाह डॅशबोर्डावरच्या स्विचमधून, तिथून डिपरमधून आणि मग पुढे दिव्यांकडे जातो. वीस-तीस वर्षांत स्विचचे पॉइंट काळे पडतात, जोड गंजतात. बॅटरीवर १३.५ असताना बल्बपाशी १२ भरतात. दीड व्होल्टने असं काय बिघडतं, असं वाटेल. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो. ११ टक्के व्होल्टेज गेलं की एक-तृतीयांश उजेड जातो. दोन रिले, एक फ्यूज आणि बॅटरीपासून थेट दिव्यांपर्यंत जाड वायर एवढं केलं की जुनी गाडी रात्री नव्याने बघू लागते. हे काम कुठल्याही बऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं आहे. मोठ्या अल्टरनेटरच्या बिलाच्या शेजारी याचं बिल किरकोळ दिसतं. कदाचित म्हणूनच कोणी आपणहून सांगत नाही.

आता वायर. नव्वदचा आकडा सांगणारे ज्या वायरीवर तो लादतात तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. जुन्या गाडीत अल्टरनेटरपासून निघणारी मुख्य वायर ३०-३५ अँपिअरच्या हिशोबाने टाकलेली असते. ती २.५ चौरस मिलिमीटरची आणि दोन मीटर लांब आहे असं धरा. ३० अँपिअरला तिच्यात ०.४ व्होल्ट पडतात आणि १२ वॅट उष्णता होते. प्रवाह ६० केला की ०.८ व्होल्ट पडतात आणि उष्णता ५० वॅट. प्रवाह दुप्पट, ताप चौपट. पन्नास वॅटचा सोल्डरिंगचा खड्या टेपने गुंडाळून डॅशबोर्डामागे ठेवून द्यायला कोणी तयार होईल का? तीच वायर १६ चौरस मिलिमीटरची असती तर ६० अँपिअरला ०.१३ व्होल्ट पडले असते आणि ८ वॅट.

जुन्या जीपमध्ये तर याहून वाईट. तिथे डॅशबोर्डावर ॲमीटर असतो आणि चार्जिंगचा जवळजवळ सगळा प्रवाह बोनटखालून आत येऊन, ॲमीटरच्या दोन नटांमधून जाऊन परत बाहेर पडतो. त्या काट्याची मजल ३० पर्यंत. बॅटरी उतरलेली असताना मोठ्या अल्टरनेटरने त्यातून ५०-६० ढकलले की काटा टोकाला टेकतो आणि मागचं प्लास्टिक वास मारू लागतं. अशा गाडीत मोठा अल्टरनेटर घालायचाच तर ॲमीटर आधी वाटेतून काढावा आणि त्याजागी व्होल्टमीटर लावावा. ज्याने नव्वद सांगितला त्याने हे सांगितलं का, एवढंच विचारून बघा.

परतीची वाट तर कोणाच्या खिजगणतीतच नसते. अल्टरनेटरमधून निघालेला प्रवाह बॉडी, इंजिन आणि अर्थिंगच्या पट्टीतून परत यायचा असतो. त्या पट्टीचं थिंबल गंजून तिथे शतांश ओहमचा अडथळा बसला तर ६० अँपिअरला ०.६ व्होल्ट तिथेच संपले. इंजिन रंगवून घेणाऱ्या हौशी मालकांच्या गाडीत हा आजार हमखास, कारण पट्टीच्या जागेवरही रंगाचा सुंदर थर असतो.

पट्टा आणि अश्वशक्ती हाही हिशोब सांगण्याजोगा आहे. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या घरात असते. १४ व्होल्टला ९० अँपिअर म्हणजे १,२६० वॅट. ते मिळवायला इंजिनाकडून २,३०० वॅट, म्हणजे तीन अश्वशक्ती घ्यावी लागते. प्रीमियर पद्मिनीचं अख्खं इंजिन ४० अश्वशक्तीच्या आसपासचं, आणि तेही पूर्ण वेगात. त्यातच वॉटर पंप, पंखा आणि डायनॅमो असा सगळा संसार एका व्ही-पट्ट्यावर. भार वाढला की पट्टा किंचाळतो; मेकॅनिक तो कसतो; कसलेला पट्टा वॉटर पंपाचं बेअरिंग खातो. घसरता पट्टा ठेवला तर इंजिन तापतं. यावर ‘लहान पुली लावा, आयडलिंगला जास्त मिळेल’ हा शहाणपणा निघतो. लहान पुलीला पट्ट्याची मिठी कमी बसते, म्हणजे जिथे पकड वाढवायला हवी तिथेच ती घटवली. शिवाय घाटात इंजिन ५,५०० वर गेलं की अल्टरनेटर किती फिरेल हेही मोजावं लागतं. पुलीत थोडाफार बदल चालतो, नाही असं नाही. पण तो शेवटी.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही सोडायचं कारण नाही. ‘मोठा अल्टरनेटर जबरदस्तीने करंट ढकलतो आणि बॅटरी उकळवतो’, अशी भीती घालणारे जुने मिस्त्री अजून भेटतात. करंट ढकलला जात नाही, मागितला जातो. रेग्युलेटर ठणठणीत असेल तर भरलेली बॅटरी ९० वाल्याकडूनही २-३ अँपिअरच घेईल. बॅटरी उकळते ती रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज १५ च्या वर गेल्यामुळे, आणि ते ३५ अँपिअरच्या अल्टरनेटरातही घडतं. त्यांच्या बोलण्यात एकच कण खरा आहे : पार उतरलेली बॅटरी सुरुवातीला भरमसाट मागते, आणि मोठा अल्टरनेटर ती मागणी पुरवतो. तेव्हा पातळ वायर तापते. दोष पुन्हा वायरीकडेच आला.

मोठी बॅटरी सुचवणाऱ्यांसाठी एवढंच पुरे : आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रोज १५ अँपिअर-तासांची तूट असेल तर ३५ ची बॅटरी लवकर बसेल आणि ६५ ची थोडी उशिरा. कायम अर्धवट भरलेल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट साचतं, आणि महागडी बॅटरीही त्याच रस्त्याने जाते.

मूळ रूपाचे भक्त म्हणतात डायनॅमोला हात लावू नका, गाडीचा आत्मा जाईल. आत्म्याचं मला कळत नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणवणारी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली हवी, चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत. डायनॅमो-अल्टरनेटरचा वाद त्या यादीत ओढून आणायची गरज दिसत नाही. ज्यांना बाह्यरूप जपायचं आहे त्यांच्यासाठी डायनॅमोच्याच आकाराच्या कवचात बसवलेले अल्टरनेटर इंग्लंडमध्ये बनतात. फक्त एक पाहावं : जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. ते न बदलता साधा अल्टरनेटर जोडला तर डायोड पहिल्याच क्षणी जातात, आणि दुकानदार माल परत घेत नाही.

मग मोठा अल्टरनेटर लावूच नये का? लावावा. जी गाडी एसीविना बनली तिच्यात एसी बसवला, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, लांबच्या मुक्कामासाठी गाडीत फ्रिज आला, तर मूळचा अल्टरनेटर अपुरा पडणारच. तेव्हाही बेरीज खरी करावी. डिकीतल्या ॲम्प्लिफायरवर २,००० वॅट लिहिलंय म्हणून १५० अँपिअर धरू नका. त्याच्या पाठीवरचा फ्यूज बघा. तो ३० चा असेल तर दोन हजारांची गोष्ट तिथेच संपली, आणि गाणं वाजताना सरासरी ओढ त्याहूनही बरीच कमी असते. जिप्सीला विंच लावणाऱ्यांनी तर अल्टरनेटरच्या भानगडीतच पडू नये. विंच भाराखाली ३००-४०० अँपिअर ओढते. तो भार बॅटरीच उचलते, अल्टरनेटर फक्त नंतर भरपाई करतो. टेललाईट आणि ब्रेकलाईटला चांगले एलईडी बल्ब लावले तर मागणीच खाली येते. हेडलाईटच्या हॅलोजन रिफ्लेक्टरमध्ये बाजारातले एलईडी कोंबून समोरच्याला आंधळं करणं मात्र या लेखात बसत नाही, आणि रस्त्यावरही बसू नये.

नवा अल्टरनेटर येईल त्यासोबत त्याच्या पिनांचा नकाशा हातात हवा. जपानी पद्धतीच्या कनेक्टरमध्ये एल, आयजी, एस अशा पिना असतात. एल डॅशबोर्डावरच्या लाल दिव्याकडे जाते आणि काही अल्टरनेटरांत त्या दिव्यातून मिळणाऱ्या किंचित प्रवाहावरच रोटर पहिल्यांदा जागा होतो. अशा गाडीत तो २-३ वॅटचा बल्ब काढून तिथे नाजूक एलईडी लावला की अल्टरनेटर सकाळी झोपूनच राहतो, गाडी रेस केल्याशिवाय उठत नाही. मग गाडी पुन्हा दुकानात, अल्टरनेटर पुन्हा टेबलावर, आणि टेबलावर तो ठणठणीत. एस पिन बॅटरीचं व्होल्टेज मोजते. ती सैल सोडली तर काही रेग्युलेटर गोंधळून व्होल्टेज चढवत नेतात. जाड वायरीवर फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या जवळ हवा. अल्टरनेटर स्वतःच्या मर्यादेपलीकडे फारसं देऊ शकत नाही, पण ती वायर घासून बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, चावी काढलेली असतानाही.

एवढं सगळं मोजत बसायला वेळ कोणाकडे आहे, हा शेवटचा आक्षेप. वेळ अर्ध्या तासाचा आहे आणि लागणारं हत्यार म्हणजे साधा मल्टीमीटर. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ च्या आसपास आहे का बघा. मग इंजिन चालू करून एसी, ब्लोअर, हेडलाईट, वायपर सगळं लावा आणि आयडलिंगला बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. नंतर मल्टीमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बी टोकाला, म्हणजे जिथून मुख्य वायर निघते तिथे, आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हला. मग अल्टरनेटरचं अंग आणि बॅटरीचं निगेटिव्ह. या दोन मोजमापांत ०.३ व्होल्टहून जास्त फरक आला तर तुमचा पैसा वायर, थिंबल आणि अर्थिंगवर जायला हवा. फरक नगण्य आहे, पण बॅटरीवर १२.४ दिसतात आणि इंजिन २,००० वर नेलं की १४ होतात, तर तूट आयडलिंगची आहे. २,००० लाही १२.४ वरच अडत असेल तर आधी पट्टा, कार्बन आणि डायोड तपासून घ्या. ते तिन्ही ठीक निघाले तरच मोठ्या अल्टरनेटरचा विचार करा.

आयडलिंगची तूट निघाली तर ते आकडे कागदावर लिहूनच दुकानात जा. नव्वदचा आहे का, हे विचारू नका. गरम असताना १,८०० फेऱ्यांना किती देतो, एवढंच विचारा. दुकानदाराला ते सांगता येत नसेल तर शेजारी दुसरं दुकान आहे.